पेडलची खूण नक्की कुठे ठेवायची?

पियानोच्या छापील नोटेशनमध्ये सगळ्यात तळाला, डाव्या हाताच्या स्टाफच्याही (नोटा लिहायच्या पाच रेघांच्याही) खाली, पेडलच्या खुणांची ओळ असते. आधी नागमोडी अक्षरातलं ‘पेड.’ आणि थोड्या अंतरावर एक तारा. पहिल्या खुणेला उजवा पाय खाली जातो, ताऱ्याला वर येतो. पाय दाबला की तारांवरचे डँपर, म्हणजे आवाज थांबवणारे गादीसारखे तुकडे, उचलले जातात आणि बोट काढलं तरी स्वर वाजत राहतो. वर्षानुवर्षं वाजवणारे या ओळीकडे बघतसुद्धा नाहीत, त्यांचा पाय कानाच्या मागून जातो. तीच ओळ सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बसवायची वेळ आली तेव्हा मला कळलं की या बाबतीत छापील पान आपल्याशी बरंच मोघम बोलतं, आणि सॉफ्टवेअरला मोघम चालत नाही.

निमित्त होतं माझे एक विद्यार्थी. बँकेतून निवृत्त झाल्यावर पियानो शिकायला लागलेले काका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि हट्ट एकच, शोपँचा ई फ्लॅट मेजरमधला नॉक्टर्न वाजवायचा. ओपस ९, क्रमांक २. ‘ग्रेड-बिड काही नको बाई, हा एक तुकडा आला की मी सुटलो,’ असं त्यांचं पहिल्या दिवसापासून चालू होतं. १८३२ साली छापलेली रचना, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही आणि जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहावर फुकट मिळतात. अडचण अक्षराची होती. स्कॅन झेरॉक्सच्या दुकानात मोठा करून आणला तर नोटा चालण्यासारख्या दिसत होत्या, पण पेडलच्या खुणांत शाई इतकी भरलेली की ‘पेड.’ कुठला आणि तारा कुठला ते मलाच ओळखू येईना. काकांना तर तिथे नुसते डाग दिसत. म्हणून ठरवलं की सगळंच म्यूजस्कोर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने, मोठ्या आकारात बसवायचं. म्यूजस्कोर फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं.

नोटा भरण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ओळखीच्या एकाकडे या रचनेची म्यूजिकएक्सएमएल (एका नोटेशन सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नोटा न्यायचा प्रकार) फाइल तयार होती, कुठल्याशा जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेली. ती उघडली तर नोटा नव्वद टक्के बरोबर आणि पेडलचा पुरता विचका. म्यूजिकएक्सएमएलमध्ये पेडलसाठी सुरू, बंद आणि बदल अशा वेगवेगळ्या नोंदी करता येतात. या फाइलीत बऱ्याच ‘बंद’ एक ठोका उशिरा येत होत्या, म्हणजे नव्या बास नोटवर जुनी हार्मनी, म्हणजे आधीच्या स्वरांचा मेळ, सांडत होती. एकेक दुरुस्त करण्यापेक्षा पुसून टाकणं सोपं होतं. एका पेडलवर राइट क्लिक, ‘सिलेक्ट’मध्ये जाऊन त्याच जातीच्या सगळ्या खुणा निवडायच्या आणि डिलीट. तळ कोरा झाला.

आता मुळापासून. या नॉक्टर्नमध्ये डाव्या हाताचं काम ठरलेलं आहे. १२/८ची लय, एका बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या भागात) चार मुख्य ठोके. प्रत्येक ठोक्यावर खाली एक बास नोट आणि तिच्यामागून वर दोन कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह). बास आणि कॉर्ड यांच्यात अंतर इतकं की हाताला बास सोडून वर उडी मारावीच लागते. तो बास कॉर्डच्या खाली टिकून राहतो तो फक्त पेडलमुळे. म्हणून बहुतेक ठिकाणी ठोक्यागणिक एक पेडल. चौतीस बारच्या रचनेत शंभराहून जास्त.

म्यूजस्कोर ४मध्ये या खुणा कीबोर्ड नावाच्या पॅलेटमध्ये आहेत. ‘पेड.’ आणि तारा, ‘पेड.’ आणि रेघ, दोन्ही बाजूंना सरळ आकडा (हूक) असलेली नुसती रेघ, आणि मग तिरप्या आकड्यांचे प्रकार. लावायची रीत अशी की ज्या नोटांवर पेडल हवं तो पट्टा निवडायचा आणि पॅलेटमधल्या खुणेवर क्लिक करायचं. बास आणि दोन्ही कॉर्ड निवडल्या की पेडल बासपाशी सुरू होतं आणि दुसरी कॉर्ड संपते तिथे, म्हणजे पुढच्या बासच्या तोंडाशी, संपतं. बास आणि पहिलीच कॉर्ड निवडली तर ते दुसऱ्या कॉर्डच्या सुरुवातीलाच उठतं. प्लेबॅक ऐकलं तर हा फरक लगेच कळतो. दुसऱ्या पद्धतीत शेवटच्या कॉर्डखालून बास निघून जातो आणि ती कॉर्ड पोकळ वाजते.

मी पहिल्यांदा जुन्या छपाईशी इमान राखायचं म्हणून ‘पेड.’ आणि ताराच घेतला. दिसायला सुरेख. पण काकांसाठी मी स्टाफचा आकार वाढवला होता. म्यूजस्कोरमध्ये स्टाफच्या दोन रेघांमधलं अंतर मुळात १.७५ मिमी असतं, ते मी २.५च्या आसपास नेलं होतं. त्या प्रमाणात पेडलची खूणही वाढते. एका बारमध्ये चार ‘पेड.’ आणि चार तारे, त्यातला प्रत्येक तारा पुढच्या ‘पेड.’च्या पोटाला टेकलेला. पान आडवं केलं, एका ओळीत दोनच बार ठेवले, तरी गर्दी हटेना. तारे बाणाच्या कळीने डावीकडे ढकलले तर ते दुसऱ्या कॉर्डच्या खाली जाऊन बसले, आणि मग ‘दुसऱ्या कॉर्डवर पाय उचला’ असा अर्थ झाला.

इथे ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त शिकवलं ती सांगते, कारण म्यूजस्कोर वापरणाऱ्या बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो. पेडलची रेघ निवडली की तिच्या दोन टोकांना छोटे चौकोन दिसतात. टोकाचा चौकोन निवडून नुसता बाण दाबला तर टोक फक्त पानावर सरकतं. सॉफ्टवेअरच्या हिशेबात पेडल अजूनही जुन्याच नोटेला बांधलेलं राहतं, प्लेबॅक तसूभर बदलत नाही. शिफ्ट धरून बाण दाबला तर टोक पुढच्या किंवा मागच्या नोटेला बांधलं जातं, आणि तेव्हा आवाजही बदलतो. म्हणजे एकाच खुणेला दोन जागा असतात. एक यंत्राला कळणारी, दुसरी वाचणाऱ्याच्या डोळ्याला दिसणारी. शिकवणारे सहसा सांगतात की नुसत्या बाणाने ढकलाढकली करू नका, शिफ्टनेच सरकवा. सल्ला चांगला आहे. मला पुढे तो मोडावा लागला, आणि मोडायला कारणही होतं.

तारे सोडून मी रेघेवर आले. रेघेचेही दोन पर्याय होते. एक म्हणजे प्रत्येक ठोक्याला वेगळी रेघ, दोन्ही बाजूंना सरळ आकडे, मध्ये बारीक फट. दुसरा म्हणजे सलग रेघ आणि पेडल बदलायच्या जागी उलटा व्ही, लहान मुलांच्या चित्रातल्या डोंगरासारखा. म्यूजस्कोरमध्ये हा डोंगर एकसंध मिळत नाही. पहिल्या रेघेचं शेपूट तिरपं घ्यायचं, पुढच्या रेघेचं तोंड तिरपं घ्यायचं, दोन्ही एकाच नोटेला बांधले की जुळून डोंगर दिसतो. मधल्या सगळ्या रेघा दोन्हीकडे तिरप्या, पहिली आणि शेवटची मात्र निराळी. डोरिको या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे सोपं आहे, तिथे एकच लांब पेडल टाकून हवं तिथे ‘पुन्हा दाबा’ अशी खूण घालता येते. पण डोरिको माझ्याकडे नव्हतं आणि एका नॉक्टर्नसाठी ते शिकण्याचा उत्साहही नव्हता.

तत्त्व म्हणून मला फटीची रेघ बरोबर वाटत होती. ताऱ्याची पद्धत म्हणजे मुळात सुटी सुटी पेडलं. शोपँने पेडल किती बारकाईने लिहिलं ते माहीत असताना त्याच्या सुट्या खुणा सलग डोंगररांगेत बदलणं म्हणजे त्याच्या तोंडी आपले शब्द घालणं. त्याच्या काळचे पियानो आजच्यापेक्षा हलके, स्वर लवकर विरणारे, तेव्हा पाय थोडा लवकर-उशिरा उचलला तरी निभावत असे. असं सगळं मी स्वतःला पटवून दिलं. तरी दोन्ही नमुन्यांचं एकेक पान छापलं आणि काकांसमोर ठेवलं.

काका आयुष्यभर लेजर लिहिलेले. छापलंय ते तंतोतंत करायचं हा स्वभाव. फटीच्या पानावर त्यांनी फट दिसली तिथे पाय उचलला, पुढचा आकडा आला तेव्हा दाबला. मध्ये क्षणभर सगळं कोरडं. प्रत्येक ठोक्याला गाण्याचा श्वास तुटत होता. ‘तुम्हीच तर जागा सोडलीय ना बाई,’ ते म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. डोंगराच्या पानावर त्यांनी डोंगराचं टोक आणि बास नोट एकाच रेषेत पाहिलं आणि हात व पाय दोन्ही एकदम खाली आणले. जुनी कॉर्ड डँपरखाली नीट दबायच्या आतच पेडल पुन्हा खाली, आणि दोन हार्मनी एकमेकींत मिसळल्या.

खरं पेडल या दोन्हींच्या मध्ये आहे. बास वाजतो त्याच क्षणी पाय वर येतो, आणि बास वाजल्यावर, बोट अजून कीवर असतानाच, पाय परत खाली जातो. हाताच्या अर्ध्या पावलामागून पाय. पियानो वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. छपाईत मात्र ‘पेड.’ बरोबर बासच्या खाली असतं, कारण वाचणाऱ्याने पुढचं समजून घ्यायचं असतं. ज्याला समजून घेण्याची सवय नाही, किंवा अजून कानाने ओळखता येत नाही, त्याच्यासाठी खूण जिथे छापली आहे तिथेच असते. सॉफ्टवेअर आणि काका, दोघंही या बाबतीत एकाच स्वभावाचे.

मग मी नियम मोडला. डोंगराची पद्धत घेतली, बांधणी बास नोटेलाच ठेवली आणि नुसत्या बाणाने, म्हणजे फक्त डोळ्यासाठी, जोडावरची दोन्ही टोकं किंचित उजवीकडे सरकवली. पहिल्या रेघेचं शेपूट आणि पुढच्या रेघेचं तोंड, दोन्ही सारख्याच अंतराने, नाहीतर डोंगराला माथ्यावर भोक पडतं. आता चढण नोटेपाशी सुरू होत होती, माथा नोटेच्या जरा पुढे आणि उतार त्याच्याही पुढे. काकांना एवढंच सांगितलं की चढण म्हणजे पाय वर, उतार म्हणजे पाय खाली, नोट चढणीच्या पायथ्याशी. चौथ्या-पाचव्या बारपर्यंत आवाज स्वच्छ यायला लागला.

हे काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. सगळ्या पेडलना एकदम निवडून खाली-वर सरकवता येतं, रेघेची जाडी एकदम बदलता येते, पण ही टोकं मला एकेक करूनच सरकवावी लागली. म्हणून पहिल्या आठ बारना तेवढं केलं. पुढे तोच साचा चालू राहतो, तोवर पायाला सवय लागलेली असते. आणि हे अगदी शेवटी करायचं. पानावर किती बार, ओळ कुठे तुटते, फिंगरिंगचे (कुठलं बोट लावायचं त्याचे) आकडे कुठे, हे सगळं ठरल्यावरच. ओळ बदलली की नोटांमधली अंतरं बदलतात आणि हाताने सरकवलेली टोकं भलतीकडे दिसायला लागतात. कंट्रोल आर दाबलं की सगळी सरकवासरकव पुसली जाऊन खुणा मूळ जागी येतात. कधी ही सोय, कधी शिक्षा.

उंचीचा प्रश्न वेगळाच. सुरुवातीचा ई फ्लॅट बास स्टाफच्या खाली, जादा रेघेवर येतो. म्यूजस्कोर प्रत्येक खूण नोटांना टेकू नये इतपत खाली नेतं, त्यात मी बासखाली फिंगरिंग घातलेलं. परिणामी पेडलची ओळ एका सिस्टिममध्ये (नोटेशनच्या एका ओळीत) वर, पुढच्यात खाली. डोळे अधू असलेल्या माणसाला दर ओळीला नवी उंची शोधायला लावणं बरं नव्हे. त्यावर उपाय सोपा निघाला. ‘फॉरमॅट’मधून ‘स्टाइल’, त्यात पेडल, आणि खाली ठेवायचं अंतर इतकं वाढवायचं की सगळ्यात खालची नोट आणि तिचा आकडासुद्धा त्याच्या वर राहील. मग सगळ्या रेघा एकाच पातळीत येतात. पान थोडं लांबतं, दोन सिस्टिममधली जागा वाढते, ते परवडलं. तिथेच रेघेची जाडीही वाढवली, कारण मूळ जाडी स्क्रीनवर छान दिसते आणि झेरॉक्समध्ये गायब होते.

प्लेबॅकचं काय, हा प्रश्न माझ्या भाच्याने विचारला. तो संगणकवाला आणि लिलिपाँड या, मजकूर टाइप करून नोटेशन बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा भक्त. त्याच्या मते मी उगाच माउस झिजवत होते. लिलिपाँडमध्ये पेडलच्या खुणा नोटांपासून वेगळ्या ओळीत लिहिता येतात, अदृश्य विरामांना टांगून. पेडल नोटेनंतर सोळाव्या भागाने दाबायचं असेल तर तेवढा विराम लिहायचा आणि पुढे ‘सस्टेन ऑन’. म्यूजस्कोरमध्येही तीच युक्ती करता येते. न वापरलेल्या व्हॉइसमध्ये (त्याच स्टाफवरच्या स्वतंत्र स्वरओळीत) छोटे विराम भरायचे, व्ही दाबून ते अदृश्य करायचे आणि पेडल त्यांना बांधायचं. एका बारला मी ते करून पाहिलं. प्लेबॅक खरंच माणसासारखं वाजलं. पण एका बारमागे एवढी बांधाबांध फक्त लॅपटॉपच्या स्पीकरला बरं वाटावं म्हणून करायची माझी तयारी नव्हती. शेवटी मिडीच्या, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या, भाषेत पेडल म्हणजे कंट्रोलर ६४, त्याची किंमत ० ते १२७. साधं यंत्र ६४च्या खाली ‘वर’ आणि ६४पासून पुढे ‘खाली’ एवढंच समजतं. चांगल्या डिजिटल पियानोवर मधल्या किमतीही जातात, म्हणून अर्धं पेडल वाजतं. रेघ ओढून मिळणारं पेडल मात्र एकतर पूर्ण खाली, नाहीतर पूर्ण वर. काकांच्या घरचं पेडलही तसलंच, सुटं, डबीसारखं, फरशीवरून पुढे सरकत जाणारं. आम्ही त्याखाली रबरी पायपुसणं घातलंय.

गंमत म्हणून त्याच संध्याकाळी बेटोव्हेनच्या मूनलाइट सोनाटाची पहिली गत उघडली. १८०१ सालची ही रचना, आणि तिच्या डोक्यावर सूचना आहे की सगळा तुकडा अतिशय नाजूकपणे आणि डँपरविना वाजवावा. शब्दशः घ्यायचं तर एकच पेडल, पहिल्या बारपासून शेवटपर्यंत. सगळे बार निवडले, पॅलेटवर क्लिक केलं, स्पेसबार दाबला. दहा-बारा बारमध्ये चिखल. त्या काळच्या पियानोवर जे धुकं म्हणून चालत असेल ते आजच्या पियानोच्या सँपलवर चालत नाही. भाचा म्हणाला, ‘मावशी, यात सॉफ्टवेअरचा काय दोष?’ दोष नाहीच, मी फक्त ऐकत होते.

नॉक्टर्नच्या शेवटाकडे परत येते. तिथे डावा हात कॉर्ड धरून थांबतो आणि उजवा हात बारीक अक्षरातल्या नोटांची लांब माळ वाजवतो, लयीच्या बाहेर. ठोकेच नाहीत, तेव्हा ठोक्याला पेडल कुठलं? तिथे एकच लांब रेघ ओढली. मोठ्या अक्षरामुळे ती माळ दोन ओळींत विभागली गेली, तेव्हा रेघही तुटून पुढच्या ओळीत चालू राहिली. ‘पेड.’ची खूण असती तर म्यूजस्कोरने दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ती कंसात परत छापली असती, नुसत्या रेघेला तसं काही लागत नाही. पाय कुठे हलका करायचा ते मी छापलं नाही. आजच्या पियानोवर तिथे पाय थरथरवत थोडं थोडं सोडावं लागतं आणि त्याला माझ्याकडे खूण नाही. काकांनी तिथे पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘बाईंना विचारणे’.

सगळ्या सेटिंग्ज मी स्टाइल फाइल म्हणून वेगळ्या जतन केल्या आहेत. दुसऱ्या कुठल्याही रचनेत ती लोड केली की मोठं अक्षर, जाड रेघ आणि पेडलची ठरलेली उंची एका झटक्यात येते. डोंगर मात्र प्रत्येक वेळी हातानेच बांधायचे. अप्पा बळवंत चौकात छापून आणलेली प्रत काकांच्या स्टँडवर आहे, आणि ‘हा एक आला की मी सुटलो’ म्हणणाऱ्या माणसाने परवा दब्यूसीचं ‘क्लेअर द लून’ मागितलं. त्याच्या मूळ छपाईत पेडलची जवळजवळ एकही खूण नाही.